हिंग चोळलेलं गांडूळ

फार मागे, आमच्या नदीला बारमाही पाणी होतं तेव्हाची गोष्ट. नदीतल्या एका मरळ मासळीला पिल्लांचा सारखा घोर असे. ती बजावायची, “गांडुळाला तंबाखूचा वास आला, तर तोंड लावू नका. तो गळवाल्या गोंदाजीच्या हाताचा वास!”

एके दिवशी गोंदाजीनं गांडुळाला हिंग चोळला.

थोरल्या लेकीनं ते तीनदा हुंगलं. “आई, तंबाखूचा वास नाही गं!”

मरळीनं पाहिलं. पानं, काड्या, फेस, सगळं पाण्याबरोबर वाहत होतं. गांडूळ तेवढं एका जागी होतं.

“थांब!” ती ओरडली.

पाण्यावर नुसते तरंग उरले.

धाकटी रडत म्हणाली, “ताईनं तुझं ऐकलं नाही ना?”

“ऐकलं गं,” मरळ म्हणाली. “शब्दन् शब्द ऐकला.”