बांधाआधी न उठणारी सुंदरा

खाडीकाठच्या एका गावात सुंदरा नावाची एक बाई राहत होती. नवरा वारलेला. घरात म्हातारी सासू. भाताचे एकच खाचर होते आणि त्यावर दोघींचे वर्ष निघे.

त्या गावात भाताची लावणी एकमेकींच्या मदतीने होई. आज हिचे खाचर, उद्या तिचे. बायका ओळीने वाकत आणि रोपे लावत मागे मागे सरकत. मागचा बांध लागायच्या आत जी पाठ सरळ करी, तिची टिंगल होई. सुंदराने कधी मध्येच पाठ सरळ केली नव्हती. त्याचा तिला अभिमान होता.

ओळीतली वयस्क जानकीआते मात्र हातातली रोपांची मूठ संपली की उठे. कमरेवर हात ठेवून दोन श्वास घेई आणि मग पुन्हा वाके.

"आते, बांध पळून गेला का बघताय?" ओळीतलीच शेवंता विचारी. सगळी ओळ हसे.

"हसा गो," आते म्हणे. "पाठ माझ्या घरची आहे, कुणाची मागून आणलेली नाही."

एका वर्षी लावणीच्या सुरुवातीलाच सुंदराच्या डाव्या पायाला मुंग्या येऊ लागल्या. चुलीपुढे वाकले की कमरेतून कळ जाई. आतेच्या ते ध्यानात आले.

"सुंदरे, मधून मधून उठत जा. आणि रोपांची पाटी खाली बसून उचल. वाकून हिसडा देऊ नकोस."

"आज उठले, तर उद्या ह्या मला म्हातारी म्हणतील, आते."

"म्हणू देत. म्हणणारीची कंबर दुखत नाही."

सुंदराने ऐकले नाही. अकरा दिवस ती दुसऱ्यांच्या खाचरांत वाकून राहिली. बाराव्या दिवशी तिच्या खाचराची पाळी आली. सकाळीच तिने ओल्या रोपांची पाटी वाकून, हिसडा देऊन उचलली. कमरेत काहीतरी सटकल्यासारखे झाले आणि ती चिखलात बसली. तिला उठता येईना. बायकांनी तिला उचलून बांधावर निजवले.

रोपे उपटून ठेवलेली होती. ती तशीच राहिली असती तर वाया गेली असती. शेवंताच आधी खाचरात उतरली. "चला गो, हात चालवा," एवढेच ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत खाचर लावून झाले. त्या दिवशी मूठ संपली की एकेकजणी उठत होती, आणि कुणी हसत नव्हते.

त्या वर्षी भात पिकले. सुंदरा काठी धरून चालू लागली, पण तिला वाकता येईना. पुढच्या लावणीला दुसरीच्या खाचरात द्यायला तिच्याकडे हात नव्हते, मग तिच्या खाचराला तरी हात कुठून येणार? तिने ते अर्ध्या वाट्याने शेवंताला कसायला दिले. त्या वर्षी तिच्या घरातले भात चैत्रातच संपले.

तात्पर्य: ज्या पाठीवर घर चालते, तिला वेळेवर विसावा द्यावा. लोकांच्या हसण्याला भिऊन सोसलेले दुखणे शेवटी आपल्या एकट्याच्याच वाट्याला येते.