ढवळीचं सोयर

"पण माय, मारलं कुणी त्यांना?"

केरबाच्या ओंजळीत सशाची पिल्लं होती. उघडी, गुलाबी, थंडगार.

भागूमाय मठाच्या ओसरीवर ताक घुसळत होती. तिनं रवी थांबवली.

"कुणी नाही मारलं, बाळा. तुडवली गेली."

केरबा हा मायचा सगळ्यात बोलका शिष्य. सोवळं, सोयर, शिवाशिव यांवर असा तुटून पडायचा की ऐकणारे चिडीचूप! बोलणं खोटं नव्हतं हो, पण गड्याला त्याची धुंदी चढली. मठातले ससे वेगवेगळ्या खोक्यांत राहायचे, तेही त्याला खपेना. "जिवाजिवांत भिंती कशाला?" म्हणत त्यानं खोकी फोडून सरपणात घातली आणि परसात जाळी मारून सगळ्यांना एका कुंपणात सोडलं. एक अंगण, एक पंगत! लोकांनी वाहवा केली आणि घरी गेले.

मग नर एकमेकांचे कान फाडू लागले. एकाला शिंका आल्या की साऱ्या कळपाला. कोण गाभण, कोण आजारी, पत्ता लागेना. एक मादी व्याली की दुसरी तिचंच बीळ उकरायची, पिल्लं बाहेर फेकायची. मागच्या खेपेला ढवळीची गेली. आज तांबडीची.

"आता ढवळीकडं बघ," माय म्हणाली.

ढवळी छातीवरची लव उपटून, तोंडात धरून कुंपणभर फिरत होती. ठेवायला जागा मिळेना. जाईल तिथं कुणी ना कुणी मागं यायचंच.

"आज व्यायची ही."

केरबा पुढं सरसावला.

"मी बसतो तिच्यापाशी. हलणार नाही. बाकीच्यांना मायेनं समजावीन..."

"सशांना?" माय हसली.

केरबानं ओंजळीतली पिल्लं हलकेच ओसरीच्या कडेला ठेवली.

"तू जन्मलास तेव्हा तुझा बा कुठं होता रे?"

"खोलीबाहेर. आजीनं उंबरा ओलांडू दिला नाही. सोयर ना! बाळंतिणीला शिवायचं नाही. ना चूल, ना पाणी, ना कुणाची हाक. आई म्हणायची..."

"काय म्हणायची?"

"म्हणायची, जन्मात तेवढीच काय ती निवांत झोपले."

केरबानं मान झटकली. "पण सोयर मी मानत नाही, माय! बाईला विटाळ म्हणणं पाप आहे."

"पापच. विटाळ दे फेकून." माय गुडघ्यावर हात ठेवून उठली. "झोप तेवढी ठेव."

ती आत गेली. तिचा सारा संसार एका लाकडी पेटीत होता. तिनं लुगडी जमिनीवर ओतली, पेटी ओसरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आडवी केली, आत वाळलं गवत पसरलं. ढवळीला उचलून आत सोडलं आणि तोंडावर गोणपाट टाकलं.

केरबा बघतच राहिला. खोकी फोडताना वाटला नव्हता एवढा संकोच त्याला त्या लुगड्यांकडं बघून वाटला. त्यानं ती एकेक उचलून घडी घातली.

आतून गवत खसखसलं. मग काहीच नाही... केरबाचा जीव टांगणीला लागला. दोनदा तो गोणपाटाकडं सरकला, दोनदा मायनं नुसती मान हलवली.

ऊन कललं तेव्हा कुठं तिनं गोणपाट बोटभर सारलं.

आत पांढऱ्या लवेचा पुंजका होता. तो आपोआप हलत होता. वर, खाली... वर, खाली.

केरबाला रडूच कोसळलं.

"आहेत, माय! जिवंत आहेत!"

तो तसाच पेटीपुढं मांडी ठोकून बसला. "आता काही झालं तरी मी इथून उठायचा नाही."

मायनं गोणपाट खाली सोडलं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बस की, लेकरा... पण तोंड तिकडं करून बस."