आडखिंडीचे कोरे टाक

आडखिंडीतल्या कोणत्याही घरी जा आणि देव्हाऱ्यात डोकावा. पितरांचे चांदीचे टाक तिथे ओळीने मांडलेले दिसतील, पण एकावरही नाक नाही, डोळे नाहीत, मिशी नाही. इतर गावांत मेलेल्या माणसाचा टाक करतात तेव्हा त्यावर मुखवटा उठवतात, घोड्यावर बसवतात, हौस असेल तर तलवारही देतात. आमच्याकडे नुसता गुळगुळीत पत्रा. पाहुणे म्हणतात, सोनाराने फसवले तुम्हाला! सोनाराने फसवलेले नाही. हे सुरूच एका सोनारापासून झाले, आणि ते ऐकायला सोपे नाही.

फार जुनी गोष्ट, असे सांगतात. खिंडीतून बैलांचे तांडे बंदराकडे जायचे, म्हणून इथे एका राजाची टाकसाळ होती. तिथला ठसे कोरणारा लुमा सोनार. त्याचा हात असा, की त्याने कोरलेल्या बैलाच्या पाठीवरची माशी हाकलावीशी वाटे. राजा गादीवर नवा आणि वयाने तरुण. त्याला आपले तोंड चांदीच्या नाण्यावर हवे होते. हुकूम आला, पण राजा काही आला नाही. एवढा घाट कोण चढतो! निरोप्याने इतकेच सांगितले, ‘महाराज तरणे आहेत, नाक सरळ आहे. लवकर करा.’

आता न पाहिलेले तोंड कोरायचे कसे? लुमाने मान वळवली. शेजारी त्याचा एकुलता एक मुलगा, केरू, भात्यावर बसला होता. तरणा, सरळ नाकाचा. विस्तवाच्या उजेडात एका बाजूने त्याचा चेहरा लख्ख दिसत होता. लुमाने तोच कोरला. लहानपणी बाळीत काटेरी फांदी अडकून केरूच्या कानाची पाळी फाटली होती. लुमाची खोड अशी, की जे दिसेल ते कोरायचे. त्याने ती फाटलेली पाळीही कोरली. ठसा विस्तवात पक्का होऊन बाहेर आला तेव्हा त्याच्या ध्यानात आले, आणि तोवर निरोप्या दारात उभा होता.

राजाला नाणे आवडले म्हणे. आपण आहोत त्याहून देखणे दिसलो तर कोणाला वाईट वाटते? कानाची खोट त्याला दाखवायची छाती कोणाला झाली नाही. लोक समजले, महाराजांना लढाईत जखम झाली. काही हौशी पोरांनी म्हणे आपल्याही पाळ्या चिरून घेतल्या. राजाच्या माणसांची अक्कल ही अशी. लुमा आणि त्याची बायको गुणाई घरात तोंडावर हात धरून हसत. आपले लेकरू साऱ्या मुलखाच्या कनवटीला!

मग घाटापलीकडून दुसरा राजा आला. लढाई झाली, पहिला राजा पडला, पण प्रेतांच्या ढिगात त्याचे प्रेत काही ओळखता आले नाही. नव्या राजाची झोप उडाली. त्याने दोन हुकूम काढले. जुनी नाणी गोळा करून त्यांच्यावर आपल्या राजचिन्हाचा घोडा ठोकायचा, हा एक. आणि नाण्यावरच्या तोंडाचा माणूस जिथे सापडेल तिथे त्याला मारायचे, हा दुसरा. लुमाने दवंडी ऐकली आणि घरी येऊन दार लावून घेतले.

गुणाई रडायला लागली. केरू म्हणाला, “आबा, मी पळून जातो.” लुमा म्हणाला, “जाशील कुठं? वाटंवरचा दर माणूस तुझं त्वांड वळखतो. राजा म्हनून वळखतो.” त्याने केरूच्या डोक्याभोवती फडके गुंडाळले, विस्तवाने भाजले आहे अशी हूल उठवली आणि त्याला पुन्हा भात्यावर बसवले.

आणि लुमा ठोकू लागला. जुन्या नाण्यावर नवा ठसा मारताना कोणी एवढे मनावर घेत नाही. नाणे जरा तापवायचे, एक घाव घालायचा, खालचे जुने नाक डोकावले तर डोकावले. लुमाने तसे केले नाही. तो प्रत्येक नाणे लाल होईस्तोवर तापवी, आधी ऐरणीवर सपाट करी आणि मग घोडा उठवी. जगातले शेवटचे नाणे सपाट झाले, की केरूला ओळखायला कोणापाशी काही उरणार नाही, एवढाच त्याचा हिशेब होता. दर घावाला आपल्याच लेकराचे तोंड आपल्याच हाताने चेचायचे. बापाच्या जिवाचे काय झाले असेल ते बापालाच कळे. पण पोर शेजारी जिवंत बसले होते, भाता हलत होता, तेवढ्यावर तो ठोकत राहिला.

गुणाईला मात्र तो आवाज सोसवेना. जित्या लेकराच्या तोंडावर घण पडतात, हे काही बरे लक्षण नाही, असे तिच्या मनाने घेतले. तिने एक नाणे हळूच उचलले आणि देव्हाऱ्यात सासऱ्याच्या टाकाशेजारी ठेवले. रोज हळदकुंकू वाहायची, म्हणायची, माझ्या केरूला सांभाळा. आईची माया, तिला दोष कोण देणार? पण घात तिथेच झाला.

नव्या राजाचा एक नायक गावात झडतीला आला. त्याने कणग्या उपसल्या, चुली खणल्या, आणि लुमाच्या देव्हाऱ्यात त्याला ते नाणे सापडले, कुंकू लावलेले. “जुन्या राजाची पूजा चालते होय रे इथं?” असे म्हणून त्याने घरातल्या एकेकाला उजेडात ओढले. केरूचे फडके सोडले. नाणे त्याच्या गालाशी धरले. तेच नाक, तीच फाटलेली पाळी.

लुमाने नायकाच्या पायांवर लोळण घेतली. “धनी, ह्यो राजा न्हवं, माझा ल्योक हाय! म्या राजा कंदी बघितलाच न्हाई. ह्यालाच बघून कोरला.” सारा गाव पुढे आला. सुईण आली, म्हणाली, “माझ्या ह्याच हातांनी नाळ कापलीया त्याची.”

नायकाने ऐकले. विश्वासही ठेवला, हे ध्यानात घ्या. त्याला हसू आवरेना. “म्हणजे सोनाराच्या पोराला मुलूख मुजरा घालत होता!” पोटभर हसून झाल्यावर तो थंडपणे म्हणाला, “राजा मेला का जिता, कुणाला ठाऊक. लोक राजाला ओळखत नाहीत, ह्या तोंडाला ओळखतात. उद्या कुणी ह्याला घोड्यावर बसवलं तर? हे तोंड मुलखात नको.”

तलवार उपसली गेली. गुणाई मुलाला मिठी मारून बसली. तेव्हा नायकाला एक कल्पना सुचली. अशी कल्पना सुचणाऱ्याला आई असते का, हे मला आजवर कळलेले नाही. तो लुमाला म्हणाला, “पोर जगायला हवं ना? मग नाण्याचं केलंस तेच ह्याचं कर. घोडा तापव. तू नाही केलंस, तर माझा माणूस मान उडवील.”

लुमाने ठसा विस्तवात घातला. भाता ओढायला कोणी पुढे होईना, म्हणून केरूच उठून भात्यावर बसला, असे सांगतात. ठसा लाल झाला. केरूने ऐरणीवर डोके टेकले आणि म्हणाला, “आबा, हात हलू दिऊ नगा. एकदाच करा.”

लुमाचा हात हलला नाही.

नायक खूश होऊन निघून गेला. केरू जगेल असे सगळ्यांना वाटले, पण घाव चिघळला, ताप चढला, आणि अमावस्येच्या आतच तो गेला. मरताना त्याच्या गालावर घोडा होता.

वर्षश्राद्ध आले. घरात टाक बसवायचा होता, आणि तो करणारा गावात एकच. लुमाने चांदी आटवली, पत्रा ठोकला, घासून आरशासारखा केला आणि तसाच देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. गुणाईने हातात घेतला, उलटून पाहिला.

“ह्याच्यावर त्वांड कुटं हाय माझ्या लेकराचं?”

“ते त्वांड म्या दोनदा ठोकलं,” लुमा म्हणाला. “एकदा एका राजासाठी, एकदा दुसऱ्यासाठी. आता न्हाई.”

गुणाईने कुंकवाचे बोट त्या कोऱ्या चांदीच्या मधोमध टेकवले आणि पुढे कधी तो विषय काढला नाही. त्या वर्षी गावात ज्यांची माणसे गेली, त्यांनीही लुमाकडून कोरेच टाक करून नेले. नको म्हणायला कोणाचीच जीभ रेटली नाही.

आजही आडखिंडीत टाक असाच बसवतात. आता गावात सोनार नाही, तालुक्याला जावे लागते. तिथला सोनार नवा असला तर विचारतो, “मुखवटा कसा काढू?” आमची माणसे सांगतात, “काही काढू नका. नुसता घासून द्या.”