कोंडखारची जोडपंगत

मनगटाला काथ्या बांधला म्हणून गोंधळू नका. माघातल्या जत्रेला कोंडखारला जो येतो, त्याला इथल्या पंगतीला असंच बसवतात. दोन अनोळखी माणसं, एकाच्या डाव्या मनगटाला दुसऱ्याचं उजवं बांधलेलं, आणि पुढ्यात दोघांना मिळून केळीचं एकच पान. घासासाठी हात उचलला की शेजारच्याचा हातही उचलला जातो. शहरातले पाहुणे आधी हसतात, मग विचारतात की हे कुठलं शास्त्र? शास्त्र नाही, बाबांनो. ही जनाईची रीत आहे. पानं मांडेपर्यंत सांगतो.

गोऱ्यांचा अंमल नुकताच बसला होता तेव्हाची गोष्ट. इथून होडीने एका भरतीच्या अंतरावर माडबंदर होतं. तिथे साहेबाची कचेरी, गोदामं आणि दर्यावर पहारा ठेवणारे शिपाई. पण दर्या काही साहेबाचं ऐकत नव्हता. बाळक्या तारी नावाचा एक लुटारू त्या वेळी किनाऱ्यावर गाजत होता, पण त्याचं तोंड इथे कुणी पाहिलेलं नव्हतं. व्यापाऱ्यांची गलबतं तो लुटायचाच, पण आड आलेल्या मच्छीमारांच्या होड्याही त्याच्या माणसांनी बुडवल्या असं सांगतात. अशाच एका होडीत आमच्या गावच्या जनाईचा एकुलता एक मुलगा होता, हरबा. होडीची फळकुटं किनाऱ्याला लागली. हरबा लागला नाही.

पुढे सरकारने सटवाजी परब नावाच्या हवालदाराला बाळक्याच्या मागावर धाडलं. सटवाजी परमुलखातून नवा आलेला. त्याला ओळखणारे म्हणजे त्याच्या गलबतावरचे शिपाई, तेवढेच. त्याने बाळक्याला भर समुद्रात धरलं आणि तो पुन्हा निसटू नये म्हणून बेडीचं एक कडं त्याच्या हातात घातलं, दुसरं स्वतःच्या. परतताना वादळ झालं. गलबत आमच्या खडपावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खडकांवर, आपटलं आणि फुटलं.

सकाळी कालवं काढायला गेलेल्या बायकांना दोन माणसं वाळूत पडलेली सापडली. त्या बायकांत जनाई होती. दोघांच्या अंगावर लंगोटीपलीकडे चिंधी नव्हती. एक उंच, एक बुटका, दोघं एका बेडीत. बाकी कुणी वाचलं नव्हतं आणि बेडीची किल्ली दर्यात गेली होती.

शुद्धीवर येताच उंच म्हणाला, "मी सटवाजी हवालदार. हा बाळक्या. याला धरून ठेवा."

बुटका उठून बसला आणि म्हणाला, "खोटं. हवालदार मी. बाळक्या हा."

गाव चक्रावलं. गावकार, म्हणजे आमचा मुखिया, शहाणा माणूस. तो म्हणाला, "शिपाई आपला उजवा हात मोकळा ठेवणार. बुटक्याचा उजवा अडकलाय, म्हणजे हाच लुटारू." त्यावर बुटक्याने सांगितलं की मी डावखुरा आहे. त्याला पेज दिली तर तो खरंच डाव्या हाताने भराभर जेवला. ते सवयीचं होतं की भुकेचं, कुणाला कळेना. लोहार बेडी तोडायला तयार होईना. सरकारी बेडी तोडली आणि लुटारू पळाला, तर आळ गावावर. शेवटी बंदरात माणूस धाडला आणि साहेब येईपर्यंत दोघांना जनाईच्या पडवीत ठेवलं. तिची झोपडी किनाऱ्याच्या सगळ्यांत जवळ होती, म्हणून.

आता त्या बाईची काय अवस्था झाली असेल बघा. दोघांतला एक तिच्या पोराचा वैरी. त्याला पाण्याचा घोटसुद्धा द्यावा असं तिला वाटत नव्हतं. पण तो कोणता? एकाला उपाशी ठेवावं तर तो हवालदार निघायचा. वाढावं तर पोराच्या मारेकऱ्याला पोसल्यासारखं. ती म्हणे आधी दोन पानं मांडायची. पण एक आपल्या पानाकडे वाकला की बेडीने दुसरा ओढला जाऊन अन्न सांडायचं. वैतागून तिने एकच पान मधोमध ठेवलं आणि पाठ फिरवून बसली.

मग उंचाला ताप भरला. बुटका त्याच्या कपाळावर ओल्या चिंध्या ठेवी, डाव्या हाताने त्याला पेज पाजी, कूस बदलताना बेडी त्याच्या हाताला काचू नये म्हणून स्वतः त्याच्याबरोबर वळे. जनाई बघत होती. एवढी माया करणारा लुटारू कसा असेल? म्हणजे हाच हवालदार, असं तिने मनाशी ठरवलं. तेवढ्यात तापाच्या भरात उंच ओरडला, "अरे, पोरगं आहे होडीत! सोडा त्याला!"

जनाई दारात थिजली. हे कोण ओरडतं? पोराला वाचवू पाहणारा शिपाई? की स्वतःच्याच माणसांना आवरू न शकलेला बाळक्या? आणि पोरगं कुणाचं? ती त्याच्याजवळ जाऊन "तो हरबा होता का रे?" असं विचारत राहिली. पण तो पुन्हा ग्लानीत गेला. त्या दिवसापासून तिचं ठरलेलं सगळं विस्कटलं.

साहेब आला. त्यानेही सटवाजीला कधी पाहिलं नव्हतं. दोघांची उलटतपासणी झाली. दोघं हवालदाराचंच नाव सांगत राहिले. साहेबाने जनाईला विचारलं, "यांना तू जेवू घातलंस. बाळक्या कोण?"

सूड घ्यायचा तर हीच वेळ होती. नुसतं बोट दाखवायचं होतं. जनाईने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि म्हणाली, "मला नाही कळत हो, साहेब."

साहेब चिडला. "मग दोघांनाही फासावर चढवतो. त्यात एक तरी खरा बाळक्या असेल."

तेव्हा बुटका उभा राहिला. म्हणाला, "मी बाळक्या तारी. याला सोडा."

लोहाराने छिन्नी लावून बेडी तोडली. शिपाई बुटक्याला घेऊन गेले आणि माडबंदराच्या धक्क्यावर त्याला फाशी दिली. तो खरं बोलला की दुसऱ्याचा जीव वाचवायला खोटं, हे गावाला तेव्हा समजलं नाही आणि पुढेही नाही.

उंच मात्र बंदराला परतला नाही. हवालदार असता तर परतला असता, असं काही म्हणाले. लुटारू असता तर पळाला असता, असं बाकीचे म्हणाले. तो जनाईच्या पडवीतच बसून होता. तिने विचारलं, "आता तरी खरं सांग. तू कोण?"

तो म्हणाला, "आई, मी शिपाई म्हणालो तर तो लुटारू ठरतो. मी लुटारू म्हणालो तर तुझ्या पोराचा वैरी ठरतो. यातलं एकही मला म्हणवत नाही."

जनाई आत गेली. सवयीने तिने भात दोघांचाच रांधला होता. पान मांडलं, वाढलं. तो आपल्या बाजूचं मुकाट जेवू लागला. दुसऱ्या बाजूचा भात तसाच निवत पडला. जनाईला ते बघवेना. ती खाली बसली, पान आपल्याकडे जरा ओढलं आणि त्या बाजूचा भात खाऊ लागली. ती मरेपर्यंत दोघं तसेच जेवले म्हणतात. तो गावाची तर, म्हणजे माणसं पैलतीराला नेणारी होडी, चालवायचा. त्याला कुणी नावाने हाक मारली नाही, कारण कोणतं नाव घ्यायचं हेच ठाऊक नव्हतं.

गावात आजही यावरून भांडणं होतात. नात्याचं कुणी नाही, नुसतं आडनाव एक, तरी परबांची मंडळी म्हणतात, फासावर आमचा माणूस गेला. तारींची मंडळी म्हणतात, नाही, आमचा. मला विचाराल तर मी लहानपणी एक धरून चाललो होतो, तरुणपणी दुसरं, आणि आता काहीच सांगता येत नाही. एवढंच लक्षात ठेवा, पान उचलेपर्यंत शेजारच्याला तो कोण, कुठला, हे विचारायचं नाही. बसा. भात गरम आहे.