मार्क बोलतात

इचलकरंजीत परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या धामणकर सरांच्या शब्दाबाहेर जायची कुणाची छाती नव्हती. ऑस्ट्रेलियाला कुणी कुठल्या विद्यापीठात शिकायचं, ते सरच ठरवत. "मार्क बोलतात, मी फक्त ऐकतो," असं टाय सारखा करत सांगत.

टोकन घेऊन ऑफिसबाहेरच्या बाकावर आतलं बोलणं ऐकत बसलेल्या हर्षला चौगुलेचं मात्र डोकं गरगरायला लागलं होतं. एक्याऐंशी टक्केवाल्याला सरांनी समुद्रकाठचं विद्यापीठ सांगितलं, कारण ते म्हणे हुशारांचं. त्रेसष्टवालीलाही तेच, कारण ते म्हणे सांभाळून घेणारं. मग मार्क बघून निवडायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

तिची पाळी आली. "किती?" सरांनी वर न बघताच विचारलं.

हर्षलानं हातातल्या टोकनाकडं पाहिलं. "बावन्न."

"बावन्न? अगं, बावन्नकशी सोनं आहेस तू! तुला समुद्रकाठचंच विद्यापीठ. भर फॉर्म!"

हर्षलानं टोकन टेबलावर ठेवलं.

"सर, बावन्न हा माझा रांगेतला नंबर. माझे मार्क अजून पिशवीतच आहेत. मग आत्ता बोललं कोण?"