वस्तादांचा डगला

"मग माझ्यात अजून कमी काय आहे, वस्ताद? ते तरी सांगा!"

विचारता विचारता दुआर्तचा आवाज चढलाच.

पोर्तुगालमध्ये नदीकाठच्या एका गावात वस्ताद बेल्शियोर यांची तलवारीची तालीम होती. दुआर्त त्याच तालमीत वाढलेला, अंगापिंडाने दांडगा. माणसाच्या खांद्याला लागेल एवढी उंच, दोन्ही हातांनी पेलायची ती मोठी तलवार तो अशी फिरवायचा की बघणाऱ्याच्या तोंडावर वारा यावा.

गावातल्या एका वृद्ध विधवेला राजधानीपर्यंत सुखरूप पोचवायचं काम त्याला मिळत होतं. घोडागाडी दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होती. पण वस्ताद हो म्हणाले, तरच बाई त्याला सोबत नेणार होत्या, आणि वस्ताद काही हो म्हणत नव्हते.

वस्ताद हसले. "चिडतोस काय लेका? कमी काही नाही. जरा जास्तच आहे."

"थट्टा नको. परीक्षा घ्या."

"घेऊ की."

वस्तादांनी अंगातला लोकरी डगला काढून अंगणाच्या मधोमध टाकला. "हा राख."

हा तर जुनाच धडा. डगला पायाशी ठेवायचा, भोवती तलवार फिरवत राहायची आणि कोणाला जवळ येऊ द्यायचं नाही. दुआर्तने पाय रोवले. तलवार उजवीकडून आली, डावीकडे गेली, डोक्यावरून वळली. कोपऱ्यातल्या कोंबड्या कलकलाट करत पळाल्या.

"वा!" वस्ताद म्हणाले. "आता दे बघू तो डगला. गारठा फार आहे."

"मी नाही फसायचो!" दुआर्त फिरता फिरता हसला. "कोणालाही नाही म्हणजे कोणालाही नाही. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं..."

वस्ताद पायरीवर बसले. नदीवरून बोचरा वारा सुटला होता.

"दुआर्त, देतोस ना रे?"

"या की पुढे! घ्या!"

वस्ताद उठले नाहीत. एकदा शिंकले आणि दोन्ही हात काखेत घातले.

दुआर्त वळला, तेव्हा वस्ताद दिसले. पुन्हा वळला, पुन्हा दिसले. अंगात विरलेला सदरा. निळसर पडलेले ओठ. लहानपणी त्याची बोटं एकेक करून तलवारीच्या मुठीवर बसवणारे ते हात आता काखेत आखडले होते.

सोंग असेल, तो मनाशी म्हणाला.

आणखी एक फेरा झाला...

असलं तर असू दे सोंग.

तलवार मंदावली. थांबली. उद्याची गाडी आपल्याविना जाणार, हे त्याला कळून चुकलं. त्याने तलवार जमिनीवर ठेवली, डगला उचलून माती झटकली, तो वस्तादांच्या खांद्यांवर घातला आणि गळ्याशी त्याचे बंद बांधले.

"हरलो, वस्ताद," तो हळूच म्हणाला. "डगला गेला."

"कुठे गेला? मला तर ऊब येतेय."

दुआर्त तलवार उचलून आत ठेवायला वळला.

वस्तादांनी डगला अंगाभोवती ओढून घेतला.

"पहाटे वेळेवर ऊठ," ते म्हणाले. "आणि वाटेत बाईंना थंडी वाजते का, विचारत जा."