शेळीला कळलेला शब्द

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा ढग डोंगरावरून उतरून थेट लोकांच्या अंगणात येऊन बसत.

अशाच एका डोंगरगावात एक आई राहत होती. लेक पोटात होती तेव्हापासून तिला एकच घोर: उद्या ही दरबारात गेली आणि लोक हिच्या बोलण्याला हसले तर? म्हणून तिने लेकीशी कधी डोंगरबोलीत बोलायचं नाही असं ठरवलं. घरात फक्त दरबारी भाषा. ती आईला स्वतःला जेमतेमच येई. रागावायचं झालं तर शब्द शोधता शोधता रागच निघून जाई.

"अगं, नातीशी मी बोलू तरी कशी?" सासू विचारी.

"शिका ना हळूहळू, सासूबाई."

"या वयात? दात उरलेत कुठे ती भाषा चावायला!" म्हातारी हसे, आणि भुरी शेळीला जवळ घेऊन तिच्याशीच डोंगरबोलीत सुखदुःखाचं बोलत बसे.

एके दिवशी लेक भुरीला दोरीला धरून चरायला घेऊन गेली. बघता बघता धुकं उतरलं. आई धावत माळावर आली. लेक दिसेना. भुरीच्या गळ्यातली घंटा मात्र ऐकू येत होती, आणि ती सरळ कड्याकडे चालली होती.

आईने तोंड उघडलं, पण दरबारी भाषेत ओरडायला शब्दच सापडेना. 'कृपया तेथेच थांबावे' असं कुणी धुक्यात ओरडतं का? दरबारात ना धुकं, ना कडे; तिथे असा शब्द लागणार कुणाला?

तिच्या पोटातूनच हाक निघाली, "डुईऽऽ!"

डोंगरबोलीत डुई म्हणजे, पुढे कडा आहे, असशील तिथेच खाली बस.

धुक्यातून लेक खुदकन हसली. "आई, हा कोणत्या पक्ष्याचा आवाज गं?" घंटा वाजतच राहिली.

"डुईऽऽ!"

घंटा थांबली. भुरीने बसकण मारली होती. "ऊठ ना गं भुरे!" लेक दोरी ओढत होती, भुरी ढिम्म हलेना. त्या आवाजाच्या रोखाने चाचपडत आई पोचली आणि तिने लेकीला छातीशी घट्ट धरलं. धुकं जरा विरलं, तर कडा दोन हातांवर.

आईने शब्दाचा अर्थ सांगितला. लेक म्हणाली, "भुरीला कळलं. मग मलाच का नाही शिकवलंस?"

आई लेकीचा हात धरून घराकडे वळली.

घरी आल्यावर सगळं ऐकून सासू म्हणाली, "आता भुरीकडेच शिकवणी लाव पोरीला!" आईला हसू आलं आणि रडूही.

त्या दिवसापासून नात आजीला चिकटली. याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. पुष्कळ शब्द मिळाले. पण एकदा तिने कड्यावरचं एक निळं फूल पुढे केलं, तेव्हा म्हातारीने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"होता गं याला शब्द," ती म्हणाली. "चांगला होता. कुणाशी फुलांचं बोललेच नाही ना इतक्या वर्षांत."

तात्पर्य: लेकरांना जगाची भाषा जरूर द्यावी, पण आपली आधी द्यावी; जी बोलली जात नाही, ती मागाहून मागितली तरी पुरती मिळत नाही.